या चुका टाळा: पिशवीतला चालू कॅमेरा

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. त्या रात्री खानापूरहून आलेल्या माझ्या भाच्याची बॅटरी मारुती गल्लीतच संपली. संध्याकाळी फुल चार्ज केलेली, फोटो जेमतेम साठ. "मामा, कॅमेरा आपोआप झोपतो की, बंद कशाला करायचा?" त्याचं म्हणणं.

झोपतो, खरं आहे. पण पिशवीत कशाचा तरी दाब शटरच्या बटनावर पडला की तो पुन्हा जागा होतो, आणि हे तासात कितीदा होतं ते कळतही नाही. गळ्यात अडकवला तर आणखी एक भानगड. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, तिच्याजवळच्या सेन्सरला शर्ट लागला की कॅमेऱ्याला वाटतं, कुणीतरी डोळा लावलाय. मिररलेसला, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला, हे फार महागात पडतं, कारण त्यात जागेपणी फोटो टिपणारा सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू. कॅननच्या ईओएस एम५० ला एका चार्जवर सुमारे २३५ फोटो धरलेत, निकॉनच्या डी५६०० या आरशाच्या कॅमेऱ्याला ९७०. फरक बघा.

छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. पिशवीत चुकून चालू झाला की लेन्स बाहेर यायला बघते, जागा नसते, आणि आतले बारीक दाते अडकतात. ती दुरुस्ती बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीला परवडत नाही.

पण म्हणून प्रत्येक फोटोनंतर स्विच बंद करत बसू नका. ऐन वेळी क्षण निसटतो. मिरवणुकीत 'ऑटो पॉवर ऑफ', म्हणजे कॅमेऱ्याची आपोआप झोपायची वेळ, एक मिनिटावर ठेवा, बटन अर्धं दाबून जागा करा. पिशवीत टाकताना मात्र स्विच बंदच. कार्डाचा दिवा लुकलुकत असेल तर बॅटरीचं झाकण उघडू नका, फोटो जातील.

बंद ठेवूनही बॅटरी उतरते? ब्लूटूथ बघा. काही कॅमेरे बंद असतानाही मोबाइलशी जोडलेले राहतात. ते बंद करून दोन रात्री ठेवा. तरी उतरली तर बॅटरीच म्हातारी झाली समजा.

कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात कॅमेरा महिना-दोन महिने पडून राहणार असेल तर बॅटरी काढा, अर्धी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा. गणपतीला बाहेर काढल्यावर तारीख विचारली तर घाबरू नका. घड्याळाचा आतला छोटा सेल उतरलेला असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो मोठ्या बॅटरीवरच चार्ज होतो, तेव्हा भरलेली बॅटरी एक-दोन दिवस आत राहू द्या.