अधिकृत सेवा केंद्र दूर असताना इलेक्ट्रिक मोटारीची वॉरंटी सेवा कशी मिळवावी

गोव्यात मोटारींची अधिकृत सेवा केंद्रे प्रामुख्याने पर्वरी, म्हापसा, वेर्णा, मडगाव या पट्ट्यात आहेत. वाळपई, केरी, मोले, नेत्रावळी किंवा काणकोणच्या टोकाला पोळे येथे राहणाऱ्या मालकाचा तेथे जाण्यायेण्यातच बराच वेळ जातो. शिवाय, फलकावर कंपनीचे नाव असलेल्या प्रत्येक केंद्रात उच्च दाबाच्या, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचे काम होतेच असे नाही, आणि त्यासाठी कधी घाट चढून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठण्याची वेळ येऊ शकते. म्हणून दूरच्या मालकाने एक नियम कटाक्षाने पाळावा: गाडी अंगणातून हलण्यापूर्वी दोषाची लेखी नोंद झालेली असावी आणि लागणारा भाग उपलब्ध आहे की नाही, हे कळलेले असावे. हा नियम मोडला की पहिली फेरी तपासणीसाठी, दुसरी भागासाठी आणि तिसरी राहिलेल्या कामासाठी होते.

सर्वप्रथम वॉरंटीची पुस्तिका काढून शांतपणे वाचावी. एका गाडीवर प्रत्यक्षात अनेक वॉरंट्या असतात. उच्च दाबाच्या बॅटरीसाठी अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेवढी हमी देतात. उर्वरित गाडीची मुदत त्याहून कमी असते आणि १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची सहसा आणखी कमी. बॅटरीची क्षमता काळानुसार थोडी घटणे हा दोष मानला जात नाही. ती ठरावीक मर्यादेखाली, पुष्कळ ठिकाणी ७० टक्क्यांखाली, गेली तरच दावा उभा राहतो. गाडी जुनी घेतली असेल, तर दुसऱ्या मालकाला लागू होणाऱ्या अटी वेगळ्या आहेत का, हेही पाहावे. रस्त्यावरील मदतीचा करार मात्र वॉरंटीपासून स्वतंत्र असतो, आणि त्यात किती किलोमीटरपर्यंत गाडी विनामूल्य उचलून नेली जाईल, हा आकडा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

यानंतर दोष खरोखर गाडीतच आहे का, याची खात्री करावी. चार्जिंग मध्येच थांबत असेल, तर गाडी दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर लावून पाहावी. तेथे ती सुरळीत चार्ज झाली, तर दोष घरच्या वीजजोडणीत किंवा गाडीसोबत आलेल्या चार्जरमध्ये असण्याची शक्यता अधिक. गोव्यातील जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होते आणि गाडी सुरक्षेसाठी वीज घेण्यास नकार देते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि चार्जिंगसाठी १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आहे ना, हे तपासावे. गाडी अजिबात सुरूच होत नसेल, तर बहुतेकदा मोठी बॅटरी शाबूत असते आणि १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. हे निदान गावातल्या गॅरेजमध्ये मल्टिमीटरनेही होते. त्यापुढे मात्र गावातल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नये. नारिंगी आवरणाच्या तारांमधून शेकडो व्होल्टचा दाब वाहतो; त्यांना स्पर्श करणे जिवावर बेतू शकते, आणि अनधिकृत हस्तक्षेपाचे कारण पुढे करून कंपनी दावाही नाकारू शकते.

आता पुरावा गोळा करावा. हे काम कंटाळवाणे वाटले तरी दूरच्या ग्राहकाची खरी ताकद त्यातच आहे, कारण केंद्रात पोहोचेपर्यंत पडद्यावरची सूचना पुष्कळदा नाहीशी झालेली असते आणि ‘आम्हाला काही आढळले नाही’ असे ऐकून परतावे लागते. सूचना दिसताच तिचे छायाचित्र घ्यावे. त्यात धावलेले किलोमीटर आणि चार्जची टक्केवारी दिसली पाहिजे. आवाज किंवा झटका असेल, तर चित्रफीत काढावी, मात्र गाडी चालवणाऱ्याने स्वतः नव्हे.

तक्रार कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी सेवा केंद्र व कंपनी या दोघांनाही ईमेल पाठवावा. ‘गाडी नीट चालत नाही’ असे मोघम लिहू नये. मजकूर साधारण असा असावा: “चासी क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी सकाळी, ३४,२०० किलोमीटर झालेले आणि ६२ टक्के चार्ज असताना, चढावर गाडीचा वेग आपोआप मर्यादित झाला व पडद्यावर सोबतच्या छायाचित्रातील सूचना आली. हा दोष वॉरंटीत नोंदवून घ्यावा. आपल्या केंद्रात उच्च दाबाच्या यंत्रणेचा प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे का, दुरून तपासणी किंवा घरी भेट शक्य आहे का, आवश्यक भाग कधी मिळेल आणि गाडी उचलून नेण्याचा खर्च कोण करणार, हे लेखी कळवावे.” चासी क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो, तो पूर्ण लिहावा. इंटरनेट जोडणी असलेल्या काही गाड्यांतील माहिती केंद्रातून पाहता येते, परंतु सत्तरी किंवा सांग्याच्या आतल्या गावांत मोबाइलची रेंज नसेल तर ती पोहोचत नाही. गाडी सुरक्षितपणे चालत असेल, तर रेंज असलेल्या जागी थोडा वेळ सुरू ठेवावी.

गाडी बंद पडलेली असेल, तर फ्लॅटबेडचाच, म्हणजे चारही चाके उचलून गाडी पाठीवर घेणाऱ्या वाहनाचाच, आग्रह धरावा. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढली, तर मोटर फिरून वीज निर्माण करू शकते आणि यंत्रणेचे नुकसान होऊ शकते. वाड्यावरची वाट अरुंद असेल, तर ते फोनवरच सांगावे, नाहीतर मोठे वाहन मुख्य रस्त्यावरूनच परत जाते. पावसाळ्यात गाडीत पाणी शिरले असल्यास ती सुरू करून पाहू नये व चार्जिंगला लावू नये. असे नुकसान सहसा वॉरंटीत नव्हे तर विम्यात बसते, म्हणून विमा कंपनीलाही त्वरित कळवावे. तातडी नसेल, तर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांतील भेट टाळावी. त्या काळात बरेच कर्मचारी रजेवर असतात.

केंद्रात गेल्यावर जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि करायचे काम नोंदवण्याचा केंद्राचा कागद, सर्वांत मोलाचा आहे. त्यावर आपल्याच शब्दांत तक्रार, किलोमीटर, चार्ज आणि ‘वॉरंटी’ ही नोंद असल्याशिवाय सही करू नये. भाग यायचा असेल, तर काम पूर्ण होईपर्यंत जॉब कार्ड बंद करू देऊ नये, कारण मधल्या काळात वॉरंटी संपली तरी दोष मुदतीत नोंदवला होता याचा पुरावा तेच देते. बॅटरी पॅकसाठी अधिक थांबण्याची तयारी ठेवावी. लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालाच्या ९व्या वर्गात मोडते, आणि सदोष बॅटरी विमानाने पाठवता येत नाही.

दावा नाकारला गेला, तर तपासणीचा अहवाल आणि कोणत्या अटीखाली नकार दिला ते लेखी मागावे. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. तेथेही तोडगा निघाला नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे केंद्र बेळगावला असले तरी खटल्यासाठी तेथे जावे लागत नाही. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीचा वाद जिल्हा आयोगापुढे चालतो. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे, आणि वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. बदललेल्या भागाचा क्रमांक जॉब कार्डवर लिहून घ्यावा, तंत्रज्ञाला सोबत बसवून दोष ज्या परिस्थितीत दिसला होता तशाच चढावर गाडी चालवावी, आणि केंद्राच्या आवारातच संथ व जलद या दोन्ही प्रकारे चार्जिंग सुरू होते ना, ते पाहूनच परतीच्या वाटेला लागावे.