ऑटोमॅटिक घड्याळाला वाइंडर घ्यावा का?

वाइंडर म्हणजे न घातलेलं घड्याळ फिरवत ठेवून त्याला चावी देणारी मोटरची पेटी. एकच घड्याळ रोज वापरत असाल, तर वाइंडर नको. लोकलच्या धक्क्यांत रोटर (हाताच्या हालचालीने फिरून चावी देणारं आतलं वजन) फिरतोच. दोन-तीन घड्याळं आलटून पालटून वापरत असाल, तरी बंद पडलेल्याला क्राउनने (बाजूच्या फिरकीने) २०-३० फेरे चावी द्या, वेळ लावा, झालं. मात्र रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत काटे असतील, तर तारीख क्राउनने थेट बदलू नका, आतल्या चाकांचे दाते दुखावतात. सेइकोच्या ७एस२६ या यंत्राच्या घड्याळाला हाताने चावी बसत नाही, ते हलवूनच चालू करावं लागतं.

वाइंडर खरा उपयोगी पर्पेच्युअल कॅलेंडरला (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणाऱ्या घड्याळाला), कारण ते पुन्हा लावणं जिकिरीचं. दिवसाला साधारण ६५० फेऱ्यांपासून सुरुवात करा, घड्याळ थांबलं तरच वाढवा. दिशा तपासा: ईटीए २८२४ हे यंत्र दोन्हीकडून फिरलं तरी भरतं, व्हाल्जू ७७५० एकाच बाजूने. जास्त भरून स्प्रिंग तुटेल ही भीती नको, ती आतल्या आत घसरते. झीज मात्र चोवीस तास चालू राहते.

स्वस्त वाइंडरची मोटर नीट झाकलेली नसेल, तर घड्याळ चुंबकीय होऊन पुढे पळतं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच. चामडी पट्ट्याला बुरशी धरते, वाइंडर असो वा नसो.