संकेतस्थळ नव्या आवृत्तीवर नेताना जुने दुवे आणि मराठी मजकूर कसा सांभाळावा

लातूर, परभणी किंवा अंबाजोगाईकडच्या एखाद्या महाविद्यालयाचे अथवा पतसंस्थेचे संकेतस्थळ दुरुस्तीसाठी हाती आले की मी पहिल्यांदा ते कोणी बनवले हे विचारतो, आणि उत्तर बहुधा एकच मिळते: आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने बनवले होते, तो आता पुण्याला असतो. त्याने काम मन लावून केलेले असते आणि पुढे आठ-दहा वर्षे ते बिनबोभाट चाललेलेही असते. मग एके दिवशी होस्टिंग कंपनीचा, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीचा, ई-मेल येतो की पीएचपीची (संकेतस्थळ ज्या संगणकीय भाषेवर चालते तिची) जुनी आवृत्ती बंद होत आहे, आणि कार्यालयातील कोणीतरी उत्साहाने ‘अपडेट’चे बटण दाबतो. पुढील मजकूर ते बटण दाबण्यापूर्वी वाचावा.

आपल्यासमोरचे काम नेमके कोणत्या जातीचे आहे, हे आधी ठरवावे लागते. वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल ही संकेतस्थळे चालवण्याची तयार सॉफ्टवेअर आहेत. वर्डप्रेसच्या किरकोळ आवृत्त्या, म्हणजे सुरक्षेच्या आणि इतर लहान दुरुस्त्या, २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप बसतात आणि त्यांचा सहसा त्रास होत नाही. मोठी आवृत्ती हा निराळा विषय आहे. जूमला ३ चा आधार, म्हणजे निर्मात्यांकडून होणारा दुरुस्त्यांचा पुरवठा, १७ ऑगस्ट २०२३ रोजी संपला. तेथून जूमला ४ कडे जाण्यासाठी ३.१० ही मधली पायरी ठेवलेली आहे, परंतु पानांच्या मांडणीचा जुना साचा नव्या आवृत्तीत चालत नाही, तो नव्याने घ्यावा लागतो. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांची रचना मुळातूनच वेगळी असल्यामुळे तेथे ‘अपग्रेड’ हा शब्दच फसवा आहे; नवे संकेतस्थळ उभारून त्यात जुना मजकूर वाहून न्यावा लागतो. अडोबी म्यूजसारखे संकेतस्थळ बनवण्याचे साधन वापरले असेल, तर त्याचा आधार मार्च २०२० मध्येच थांबला असून पुढची आवृत्ती अस्तित्वातच नाही. पहिल्या प्रकाराला अर्धा तास पुरतो, शेवटच्या दोहोंना काही आठवडे लागतात, आणि संस्थाचालकांना हा फरक सुरुवातीलाच समजावून सांगितलेला बरा.

दुसरी चौकशी मालकीची. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता, कोणाच्या नावावर व कोणत्या ई-मेलवर नोंदवलेले आहे, त्याची मुदत केव्हा संपते आणि होस्टिंगचा पासवर्ड कोणाजवळ आहे, या बाबी कागदावर लिहून घ्याव्यात. डोमेन त्या माजी विद्यार्थ्याच्या खाजगी ई-मेलवर असेल, तर ते संस्थेच्या नावे करून घेतल्याशिवाय पुढील कोणतेही काम सुरू करू नये. वर्डप्रेसमध्ये प्रशासकाचा ई-मेल पत्ताही याच वेळी बदलावा. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून संकेतस्थळ एखाद्या प्लगइनमुळे (जास्तीच्या सोयीसाठी जोडलेल्या छोट्या प्रोग्राममुळे) कोलमडले, तर आत शिरण्याचा तातडीचा दुवा त्याच पत्त्यावर पाठवला जातो. तो पत्ता कोणी उघडतच नसेल, तर ही सोय असून नसल्यासारखी.

पत्त्यांची यादी

माझ्या अनुभवात सर्वांत मोठे नुकसान सॉफ्टवेअर बिघडल्याने होत नाही, जुने पत्ते तुटल्याने होते. बिघडलेले सॉफ्टवेअर आपल्या ताब्यात असते, पण आपल्या पानांचे पत्ते इतरांच्या हाती गेलेले असतात. महाविद्यालयांच्या बाबतीत तर हे फार बोचते. नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला सादर केलेल्या स्वयंमूल्यमापन अहवालात आणि दरवर्षीच्या गुणवत्ता हमी अहवालात पुराव्यादाखल संकेतस्थळावरील पीडीएफचे शेकडो दुवे दिलेले असतात. संकेतस्थळ नव्या रूपात झळकले, प्राचार्यांनी फीत कापली, आणि सहा महिन्यांनी तपासणीच्या वेळी समन्वयकांनी दुवा उघडला, तर ‘पान सापडले नाही’ एवढेच उत्तर येते. त्या वेळी पळापळ करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

म्हणून सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी एक्सेलमध्ये तीन रकान्यांचा तक्ता करावा: जुना पत्ता, नवा पत्ता, आणि त्याचे काय करायचे याचा निर्णय. जुने पत्ते गोळा करण्यासाठी साइटमॅप (संकेतस्थळावरील पानांची यादी), गुगल सर्च कन्सोल (आपली कोणती पाने गुगलला ठाऊक आहेत हे दाखवणारे साधन) आणि सर्व्हरवरील भेटींची नोंदवही या तिन्हींचा उपयोग होतो, मात्र नॅकचे अहवाल स्वतः उघडून त्यांतील दुवे उतरवून घेण्याला पर्याय नाही. हे काम कंटाळवाणे आहे. ते एखाद्या होतकरू विद्यार्थ्याकडे सोपवावे, पण तपासावे स्वतः.

पीडीएफ आणि छायाचित्रांबाबत एक सोपी युक्ती आहे. जूमलामध्ये ही सामग्री साधारणपणे ‘इमेजेस’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. जूमलाहून वर्डप्रेसवर जाताना तो फोल्डर जसाच्या तसा, त्याच नावाने, नव्या सर्व्हरवर मूळ जागी ठेवून द्यावा. प्रत्यक्ष फाइल जागेवर असेल तर वर्डप्रेस मध्ये पडत नाही आणि जुना दुवा बिनतक्रार उघडतो. लेखांच्या पानांसाठी मात्र ३०१ क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारा नियम, लिहावे लागते. जूमलाचे जुने पत्ते प्रश्नचिन्हानंतरच्या भागावर अवलंबून असतील, तर एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधली साधी ‘रिडायरेक्ट’ची ओळ तो भाग पाहतच नाही, त्यासाठी ‘रीराइट’चे नियम लिहावे लागतात, हे ठाऊक नसल्याने मी एकदा पूर्ण दुपार वाया घालवली आहे. काही जण सगळेच जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवून मोकळे होतात. तसे करू नये, कारण अहवाल शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठ दाखवणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे होय.

बॅकअप आणि तालीम

बॅकअप म्हणजे फायली आणि डेटाबेस (लेखांचा मजकूर व सेटिंग्ज यांचा साठा) या दोहोंची एकाच वेळची प्रत. मोठी आवृत्ती बसताना डेटाबेसची रचनाही बदलू शकते. त्यामुळे नंतर केवळ जुन्या फायली परत टाकल्या, तर दोघांचा मेळ बसत नाही. एक प्रत होस्टिंगच्या बाहेर, संस्थेच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि ती आपल्या संगणकावर झॅम्पसारख्या, संगणकालाच सर्व्हर बनवणाऱ्या, साधनात प्रत्यक्ष उभी करून पाहावी. डाउनलोड करताना वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली झिप फाइल फोल्डरमध्ये पूर्ण फाइलीसारखीच दिसते.

तालीम नेहमी वेगळ्या प्रतीवर करावी. उपडोमेनवर प्रत उभारून तिला पासवर्ड लावावा, शोधयंत्रांना मज्जाव करणारी खूण करावी, आणि मुख्य म्हणजे तिच्यातील ई-मेल व एसएमएस बंद करावेत. अन्यथा चाचणीचा प्रवेश अर्ज भरला जातो आणि ‘प्रवेश निश्चित’ असा संदेश खऱ्या पालकांना जातो.

पीएचपी आणि वर्डप्रेस यांची एकमेकांत अडकलेली गाठ येथेच सोडवावी. जुने वर्डप्रेस पीएचपी ८ वर धड चालत नाही, आणि वर्डप्रेस ६.६ ला किमान पीएचपी ७.२.२४ लागते. दोन्ही एकदम बदलले, तर बिघाड कोणामुळे झाला हे कळत नाही. पीएचपी ७.४ वर थांबून आधी प्लगइन आणि थीम (वर्डप्रेसचा साचा), मग वर्डप्रेस, आणि सारे स्थिर झाल्यावर पीएचपी ८ ची चालू आवृत्ती, असा क्रम मी ठेवतो. ७.४ चा आधारही नोव्हेंबर २०२२ मध्ये संपलेला असल्याने ते मुक्कामाचे ठिकाण नव्हे. पडदा पूर्ण पांढरा झाला, तर ‘प्लगइन्स’ फोल्डरचे नाव तात्पुरते बदलावे. त्याने सर्व प्लगइन एकदम निष्क्रिय होतात, मग मूळ नाव परत देऊन एकेक सुरू करत दोषी कोण ते शोधता येते. स्वतः लिहून घेतलेला जुना कोड असल्यास त्यात ‘मायएसक्यूएल’ या नावाने सुरू होणाऱ्या जुन्या आज्ञा आहेत का, हे पाहावे. पीएचपी ७ मध्ये त्या काढूनच टाकण्यात आल्या आहेत.

मराठी मजकुराची काळजी

इंग्रजी मार्गदर्शिकांत हा भाग सापडत नाही, आणि आपला निम्मा वेळ येथेच जातो.

जुना मजकूर शिवाजी, किरण किंवा श्रीलिपीसारख्या, युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या, फॉन्टमध्ये असेल, तर डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवलेली असतात. फॉन्टमुळे ती देवनागरीसारखी दिसत होती एवढेच. नव्या थीममध्ये तो फॉन्ट नसल्याने पानावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर माणसाने वाचावा. रफार, ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ यांसारखी अक्षरे आणि अंक यांत परिवर्तक हमखास चुकतात, आणि गुणवत्ता यादीतील आडनावे चुकलेली कोणालाच आवडत नाहीत.

मजकूर युनिकोडमध्येच असूनही स्थलांतरानंतर विचित्र दिसू लागला, तर घाबरण्याआधी तो कसा बिघडला आहे ते बारकाईने पाहावे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. डेटाबेसमधला जुना तक्ता ‘लॅटिन-१’ (रोमन लिपीपुरती जुनी पद्धत) म्हणून नोंदवलेला असेल, तर ते तीन बाइट तीन वेगवेगळी चिन्हे समजून दाखवले जातात आणि पानभर डोक्यावर रेघा असलेली परकी रोमन अक्षरे दिसतात. ही अवस्था सुधारता येते, कारण मूळ बाइट शाबूत असतात. निर्यात ‘लॅटिन-१’ म्हणून करून तीच फाइल ‘यूटीएफ-८-एमबी-४’ म्हणून आयात करावी लागते. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर त्या प्रतीतला मजकूर कायमचा गेला. अशा वेळी बॅकअपकडेच जावे, आणि तोही नसेल तर वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रतींच्या संग्रहात आपली पाने मिळतात का ते पाहावे.

देवनागरी पत्त्यांचा घोळ आणखी वेगळा आहे. वर्डप्रेस लेखाचा पत्ता सांकेतिक रूपात साठवते, त्यात देवनागरीच्या एका चिन्हाला नऊ जागा लागतात, आणि त्या रकान्याची मर्यादा २०० आहे. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून जेमतेम २२ चिन्हे मावतात आणि लांब मथळ्याचा पत्ता मध्येच तुटतो. ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त’ अशी सुरुवात असलेल्या दरवर्षीच्या बातम्यांना त्यामुळे सारखेच पत्ते मिळतात आणि वर्डप्रेस त्यांना २, ३, ४ असे शेपूट जोडते. स्थलांतरात लेखांचा क्रम बदलला, तर ही शेपटे बदलतात आणि २०१८ चा दुवा २०२१ ची बातमी उघडतो. नव्या लेखांना छोटा पत्ता हाताने द्यावा. जुन्यांचा पत्ता मात्र आहे तसाच आयात झाला की नाही, हे एक्सेलच्या तक्त्यावरून पडताळावे.

२०२३ मधील नामांतरानंतर आपल्याकडे आणखी एक काम आले: संपूर्ण डेटाबेसमध्ये ‘औरंगाबाद’ शोधून ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि ‘उस्मानाबाद’ शोधून ‘धाराशिव’ करणे. पीएचपीएमवायॲडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनात सरसकट आज्ञा देऊन हे करू नये. वर्डप्रेसच्या अनेक सेटिंग्ज अनुक्रमित स्वरूपात साठवलेल्या असतात आणि त्यांत प्रत्येक शब्दापुढे त्याची लांबी बाइटांत लिहिलेली असते. ‘औरंगाबाद’ २४ बाइटांचे आहे, ‘छत्रपती संभाजीनगर’ मधली मोकळी जागा धरून ४९ बाइटांचे. शब्द बदलला आणि आकडा २४ च राहिला, तर ती नोंद वाचताच येत नाही आणि थीमची मांडणी किंवा विजेट (पानावरच्या छोट्या चौकटी) एकाएकी नाहीसे होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या साधनातील ‘सर्च-रिप्लेस’ आज्ञा आकडाही बदलते. आधी ‘ड्राय-रन’, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता चाचणी, करून किती ठिकाणी बदल होणार ते पाहावे. डोमेन बदलतानाही हीच आज्ञा वापरावी. बदल कुठे करू नये, हे मात्र साधन सांगत नाही: जुन्या शासन आदेशांतील उतारे, जुन्या प्रमाणपत्रांचे नमुने, फायलींची नावे आणि ई-मेल पत्ते वगळावेच लागतात.

प्रत्यक्ष बदल

दिवस निवडताना निकाल आणि प्रवेशाचे आठवडे टाळावेत. बदलाच्या दोन दिवस आधी डीएनएस नोंदींचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणावा, आणि आदल्या संध्याकाळपासून नवा मजकूर टाकणे थांबवावे. नवा सर्व्हर आपल्या संगणकाच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये नोंदवून जगाच्या आधी स्वतः पाहता येतो. ही संधी सोडू नये.

नेमसर्व्हर (या डीएनएस नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलत असाल, तर ई-मेल कोठे पोचवायचे हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी नव्या ठिकाणी आधीच उतरवून ठेवाव्यात. एका महाविद्यालयाच्या कामात मी हे विसरलो. संकेतस्थळ झकास उघडत होते आणि कार्यालयाचा ई-मेल मात्र दोन दिवस मुका होता. आपल्या अर्जांना उत्तर का येत नाही, हे विचारायला पालक थेट कार्यालयाच्या खिडकीशी आले, तेव्हा ते कळले.

बदल झाल्यावर एसएसएल प्रमाणपत्र (संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित ठेवणारे) चालू आहे का ते तपासावे, शोधयंत्रांना केलेला मज्जाव काढावा (ही खूण महिनोन्महिने तशीच राहिलेली मी पाहिली आहे), आणि एक्सेलच्या तक्त्यातील प्रत्येक जुना पत्ता उघडून पाहावा. पुढचे दोन आठवडे ४०४ च्या, म्हणजे ‘पान सापडले नाही’ च्या, नोंदी रोज चाळाव्यात. यादीतून सुटलेले दुवे तेथे आपोआप वर येतात. त्यानंतर महिन्यातून एकदा अपडेट, बॅकअप आणि डोमेनची मुदत एवढे पाहिले तरी पुरते.

जुने होस्टिंग किमान एक महिना चालू ठेवावे. ते बंद करण्याआधी त्यावर एखाद्या प्राध्यापकाची ई-मेल पेटी, विभागाचे उपडोमेन किंवा ग्रंथालयाची सूची राहून गेली नाही ना, हे विचारून घ्यावे, आणि तक्ता, पासवर्ड व बॅकअपची हार्ड डिस्क पोच घेऊन कार्यालय अधीक्षकांच्या कपाटात द्यावी.