पाटील की देवरे? नाव बदलताना या चुका टाळा

"भाऊ, मन्हं नाव चुकेल शे" (माझं नाव चुकलंय). सेतूच्या काउंटरवर आलेला माणूस एवढंच सांगतो आणि लगेच विचारतो, "गॅझेटला किती लागतील?" गॅझेट, म्हणजे नावबदल छापून येणारं सरकारी राजपत्र, हा त्याच्या लेखी सगळ्या दुखण्यांवरचा एकच काढा. पण निम्म्या वेळा त्याला नाव बदलायचंच नसतं. कुणीतरी कधीतरी चुकीचं लिहिलेलं नाव दुरुस्त करून हवं असतं. बदल आणि दुरुस्ती ही दोन कामं वेगळी, त्यांची टेबलंही वेगळी.

सातबाऱ्यावर 'कमलबाई' आणि आधारवर 'कमल', किंवा फेरफार उतरवताना 'भिका'चा 'भिवा' झाला, ही दुरुस्ती. सातबाऱ्यावरच्या लेखनातल्या चुकीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५५ आहे, अर्ज तहसीलदारांकडे करायचा. जन्मनोंदीतली चूक असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली, जिथे नोंद झाली त्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या निबंधकाकडे जा. शाळेच्या दाखल्याचं लोकांना वाटतं की शाळा सुटली म्हणजे विषय संपला. तसं नाही. उघड दिसणारी चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त होऊ शकते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी विचारून "होत नाही" ऐकून परत येऊ नका.

गॅझेट, म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्राचा भाग दोन, हे तुमचं स्वतःचं जाहीर सांगणं असतं: आजवर माझं नाव अमुक होतं, यापुढे तमुक. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, अशी टीपही त्यात छापलेली असते. ती कुणी वाचत नाही. त्यामुळे जुन्या नोंदीतली चूक गॅझेटने सुधारत नाही. उलट जुनं नाव बरोबरच होतं असं तुम्हीच छापून देता.

आता आपल्या खानदेशातली खरी डोकेदुखी. गावची पाटीलकी ज्या घरात होती, तिथे एक भाऊ 'पाटील' लावतो, दुसरा 'देवरे' किंवा 'बोरसे'. आजोबांना मास्तरांनी आडनाव विचारलं, त्यांनी पाटील सांगितलं. काका दुसऱ्या शाळेत गेले, तिथे कूळाचं आडनाव लागलं. दोन्ही खरी. मग नातवाची जात पडताळणी निघते आणि कुणीतरी सल्ला देतं, "गॅझेट करून टाक, सगळं एक होईल." होत नाही! समितीला वडिलांचे, आजोबांचे, चुलत्यांचे जुने दाखले बघायचे असतात. नातवाचं आडनाव आज बदललं म्हणून आजोबांचा दाखला बदलत नाही. उलट आता या नव्या बदलाचाही खुलासा करावा लागतो. अशा वेळी वंशावळ, तिचं शपथपत्र, आणि दोन्ही आडनावं एकाच घराची असल्याचे जुने कागद (खासरापत्र म्हणजे जमिनीचं जुनं नोंदपत्र, फेरफार, वारस नोंद) कामाला येतात. पडताळणी चालू असताना आडनावाला हात लावू नका, एवढं माझं ऐका.

ज्यांना खरोखरच नाव बदलायचं आहे, त्यांनी अर्ज भरताना इंग्रजी स्पेलिंगकडे दहा वेळा बघा. 'देवरे' मराठीत एकच. इंग्रजीत कुणी डी-ई-ओ-आर-ई लिहितो, कुणी डी-ई-व्ही-आर-ई. गॅझेटमध्ये एक आणि पॅनवर दुसरं गेलं की गॅझेट असून नसल्यासारखं. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. अर्ज ऑनलाइन आहे, स्वतःला जमत असेल तर स्वतःच भरा. भरून देणाऱ्याला तुमचं नाव तुमच्याइतकं माहीत नसतं. माझ्या हातूनही एकदा एका मावशींच्या नावातलं एक अक्षर सुटलं होतं, आणि दुसऱ्या खेपेची फी मला खिशातून भरावी लागली.

क्रमही चुकतो. गॅझेट हातात आलं की आधी आधार, मग पॅन, मग बँक आणि बाकीचं. आधारवर नाव आयुष्यात फक्त २ वेळा बदलता येतं. लोक त्यातली एक संधी 'राव' काढण्यात आणि दुसरी 'राव' परत लावण्यात घालवतात. किरकोळ स्पेलिंगला किंवा लग्नानंतरच्या बदलाला आधारसाठी गॅझेटची गरज नाही, लग्नासाठी विवाह प्रमाणपत्र चालतं. पूर्ण नाव किंवा पहिलं नाव बदलणार असाल तर मात्र गॅझेट लागतंच.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. सासरचे म्हणतात म्हणून धावपळ करू नका, आणि पदवीचा निकाल तोंडावर असेल तर मुळीच नको.

सुरतेला, उधन्याला कामाला गेलेल्यांचा प्रश्न वेगळाच. तिथे काढलेल्या कागदांवर 'सुरेश'चा 'सुरेशभाई' झालेला असतो, आडनाव पहिलं आलेलं असतं. असा माणूस दिवाळीला गावी येतो आणि चार दिवसांत सगळं उरकायला बघतो. महाराष्ट्राच्या राजपत्रासाठी पत्ता महाराष्ट्रातला लागतो. आधारवर सुरतेचा पत्ता असेल तर आधी ठरवा, राहणार कुठे. बहुतेकांना तर गॅझेट नकोच असतं, 'भाई' काढला की झालं.

शपथपत्रासाठी कुणी महागाचा स्टॅम्प पेपर गळ्यात मारत असेल तर थांबा. शासकीय कार्यालयात सादर करायच्या शपथपत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केलंय.

आणि जुन्या नावाचे कागद फाडू नका. सातवीचा मळका दाखला, रेशनकार्डाचं सुटं पान, सगळं गॅझेटच्या प्रतीसोबत एकाच पिशवीत ठेवा.