अमेरिकेत एस्टिमेटेड टॅक्स: नव्याने आलेल्यांनी पहिल्याच वर्षी समजून घ्यावं असं

एस्टिमेटेड टॅक्स म्हणजे ज्या उत्पन्नावर टॅक्स कापला जात नाही किंवा पुरेसा कापला जात नाही, त्याचा टॅक्स वर्षात चार हप्त्यांत स्वतः भरणं. भारतात ज्यांनी ॲडव्हान्स टॅक्स भरलेला असतो, त्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. तिकडच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. इथल्या १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. तिकडचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, इथलं जानेवारीत. त्यामुळे १५ जूनला तिकडे पहिला हप्ता असतो, तर इथे दुसरा. शिवाय तिकडे आयकर खात्याकडून एसएमएस येतो, ईमेल येते. इथे तशी आठवण कोणी करून देत नाही. हप्ता चुकला तर दंडाचं बिल येतं, तेही रिटर्न भरून झाल्यावर.

सगळे याला ‘क्वार्टरली’ म्हणतात, आणि त्या शब्दानेच माणूस फसतो. जानेवारी ते मार्चचा हप्ता १५ एप्रिलला, एप्रिल आणि मे या दोनच महिन्यांचा १५ जूनला, जून ते ऑगस्टचा १५ सप्टेंबरला आणि सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांचा १५ जानेवारीला. महिने असे कमीजास्त असले तरी हप्ते मात्र सारखेच, प्रत्येकी २५ टक्के. सर्वात जास्त विसरला जातो तो जूनचा. एप्रिलमध्ये रिटर्न भरून माणूस ‘सुटलो’ म्हणतो आणि दोन महिन्यांत पुढची तारीख उभी राहते. चारही तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीच्या गजरासह आजच टाका. तारीख शनिवारी, रविवारी किंवा सरकारी सुट्टीला आली तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. २०२५ मध्ये १५ जून रविवारी होता, म्हणून १६ जूनपर्यंत भरता आलं.

फक्त पगार असेल, घरात एकच जण कमावत असेल आणि डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) नीट भरलेला असेल, तर कंपनी कापते तेवढं बहुतेक पुरतं. अडचण त्यापलीकडच्या उत्पन्नाची आहे.

आयटीतल्या लोकांसाठी पहिला खड्डा आरएसयूचा, म्हणजे कंपनी पगाराचा भाग म्हणून देते त्या शेअरचा. शेअर व्हेस्ट झाले (प्रत्यक्ष आपल्या मालकीचे झाले) की काही शेअर विकून टॅक्स कापला जातो, स्टेटमेंटवर तो आकडा दिसतो आणि आपण समजतो, झालं काम. पण बोनस आणि आरएसयूवर फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स साधारणपणे सरसकट २२ टक्क्यांनी कापतात. तुमचं वरचं उत्पन्न ३२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि ६०,००० डॉलरचे शेअर व्हेस्ट झाले, तर कापले जातात १३,२०० आणि लागतात १९,२००. म्हणजे ६,००० डॉलर कमी पडले, राज्याचा टॅक्स वेगळाच. वर्षात चारदा व्हेस्टिंग असेल तर ही तूट दर वेळी वाढत जाते. ‘कापला गेला’ आणि ‘पुरेसा कापला गेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्कं लक्षात ठेवा.

दुसरा खड्डा भारतातल्या उत्पन्नाचा. आपल्या लोकांत एक समज घट्ट रुतून बसलाय: एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई भारतात ठेवण्याच्या खात्याचं) व्याज टॅक्स-फ्री. ते भारतात टॅक्स-फ्री आहे, अमेरिकेत नाही. तुम्ही इथे टॅक्सच्या दृष्टीने रेसिडेंट झालात (एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर बहुतेक जण लवकरच होतात) की जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. त्यात एनआरईचं व्याज, एनआरओचं (भारतातल्या कमाईच्या खात्याचं) व्याज, फ्लॅटचं भाडं सगळं आलं. एफडीची मुदत अजून संपलेली नाही, म्हणून व्याज आत्ता दाखवायचं नाही, असंही इथे चालत नाही. एनआरओवर तिकडे टीडीएस कापलेला असला तरी तो इथलं विथहोल्डिंग (उत्पन्नातून आधीच कापलेला टॅक्स) धरला जात नाही. त्याचं फॉरेन टॅक्स क्रेडिट (परदेशात भरलेल्या टॅक्सची वजावट) फॉर्म १११६ वर मागायचं असतं. तुमचा टॅक्स बघणारा माणूस भारतातल्या खात्यांबद्दल विचारतच नसेल तर माणूस बदला, हे मी स्पष्टच सांगतो.

एच-फोर ईएडीवर (एच-वनबीवाल्याच्या जोडीदाराच्या कामाच्या परवान्यावर) १०९९ने, म्हणजे नोकरीत न राहता स्वतंत्रपणे, काम करणाऱ्यांचं तर काहीच कापलं जात नाही. त्यात इन्कम टॅक्सबरोबर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही असतो. निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्के रकमेवर १५.३ टक्के. दर चेकमधला ठरावीक भाग लगेच वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात टाका, नाहीतर १५ सप्टेंबरला हप्त्यासाठी पैसेच उरत नाहीत.

नवरा-बायको दोघं कमावते असतील तर दोन्ही कंपन्या आपापल्या पगारापुरताच हिशेब करतात. दोघांचे पगार साधारण सारखे असतील तर दोघांच्याही डब्ल्यू-४ वर स्टेप २(सी) चा चौकोन टिक करा. प्रत्येकाचा पगार २,००,००० डॉलरच्या आत, पण मिळून २,५०,००० च्या वर गेला, तर वरच्या रकमेवर ०.९ टक्के जादा मेडिकेअर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) टॅक्स लागतो आणि तो दोघांपैकी कोणाचीही कंपनी कापत नाही.

आता दंड कधी लागत नाही ते बघा. विथहोल्डिंग आणि क्रेडिट वजा करून १,००० डॉलरपेक्षा कमी देणं निघालं तर नाही. चालू वर्षाच्या टॅक्सच्या ९० टक्के वेळेवर भरले असतील तर नाही. किंवा मागच्या वर्षीच्या टॅक्सच्या १०० टक्के वेळेवर भरले असतील तरी नाही. मागच्या वर्षीचा एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) १,५०,००० डॉलरच्या वर असेल तर हे १०० टक्के ११० होतात. वेगवेगळं रिटर्न भरणाऱ्या जोडप्यासाठी ही मर्यादा ७५,००० आहे. जुने लोक मागच्या वर्षीचा आकडाच धरून चालतात, कारण तो हातात असतो, अंदाज करावा लागत नाही.

पण इथेच नवीन माणूस आपटतो. मागच्या वर्षीचा आधार घ्यायचा तर मागच्या वर्षी तुम्ही इथे रिटर्न भरलेलं असावं लागतं आणि ते वर्ष पूर्ण १२ महिन्यांचं असावं लागतं. ‘मागच्या वर्षी अमेरिकेत माझा टॅक्स शून्य होता, म्हणजे यंदा दंड नाही’ हे ऐकीव गणितही चालत नाही. ती सवलत मागचं पूर्ण वर्ष अमेरिकेचा नागरिक किंवा रेसिडेंट असलेल्यालाच आहे. त्यामुळे १,००० डॉलरची सूट सोडली, तर पहिल्या वर्षी तुमच्या हातात राहतो तो फक्त ९० टक्क्यांचा नियम. या वर्षी अंदाज काढावाच लागतो, आणि तो थोडा चढाच काढा. पाच-दहा वर्षं इथे राहिलेल्यांचा सल्ला त्यांच्यासाठी बरोबर असतो, तुमच्या पहिल्या वर्षाला तो लागू पडत नाही.

पुढच्या वर्षांसाठी हिशेब असा. समजा मागच्या वर्षी फॉर्म १०४० च्या (वार्षिक रिटर्नच्या) ओळ २४ वर एकूण टॅक्स ४२,००० आणि एजीआय २,१०,००० होता. ११० टक्के म्हणजे ४६,२००. यंदा दोघांच्या पगारातून मिळून ३८,००० कापले जाणार असतील, तर तूट ८,२०० आणि हप्ता २,०५०. चारही हप्ते चुकवून सगळी रक्कम पुढच्या १५ एप्रिलला भरली तर ७ टक्के दराने दंड साधारण ३८२ डॉलर होतो. हा दर २०२४ मध्ये ८ टक्के होता, २०२५ मध्ये ७. आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) दर तिमाहीला तो ठरवते. रक्कम फार मोठी नाही, पण टाळता येण्यासारखी आहे. ‘पहिली चूक माफ होते’ असं कोणी सांगितलं तर ती सवलत या दंडाला नाही.

आता सर्वात कामाचं. कंपनीने कापलेला टॅक्स वर्षभर समान भरला, असं कायदा मानतो, मग तो प्रत्यक्षात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये का कापलेला असेना. स्वतः भरलेल्या हप्त्याला ही सवलत नाही, तो ज्या दिवशी भरला त्याच दिवसाचा धरतात. म्हणून पगारदार माणसाने हप्ते भरत बसण्यापेक्षा डब्ल्यू-४ च्या ४(सी) ओळीत जादा रक्कम लिहावी. वरच्या उदाहरणात जुलैमध्ये जाग आली आणि पंधरवड्याचे १२ पगार उरले असतील, तर ८,२०० भागिले १२ म्हणजे ६८४. तिथे ६९० लिहा. पुढच्या दोन पे-स्टबवर फेडरल विथहोल्डिंगचा आकडा खरंच वाढलाय का ते स्वतः बघा. पेरोलमध्ये बदल अडकून पडणं काही नवीन नाही. आणि जानेवारीत तो आकडा काढायला किंवा बदलायला विसरू नका, नाहीतर पुढचं वर्षभर ६९० कापले जात राहतील.

स्वतः भरायचं असेल तर आयआरएसच्या साइटवर डायरेक्ट पे आहे, बँक खात्यातून फुकट जातात. कारण म्हणून ‘एस्टिमेटेड टॅक्स’ निवडा, फॉर्म १०४०-ईएस, आणि मग वर्ष. हे वर्ष दोनदा वाचा. १५ जानेवारी २०२७ चा हप्ता २०२६ चा आहे. तिथे २०२७ निवडलंत तर पैसे पुढच्या वर्षाच्या खात्यात पडतात आणि २०२६ चा चौथा हप्ता न भरलेलाच दिसतो. शेवटी मिळणाऱ्या कन्फर्मेशन नंबरचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. जॉइंट रिटर्नमध्ये ज्याचं नाव आधी येतं, त्याच्याच सोशल सिक्युरिटी नंबरवर भरा.

डायरेक्ट पे ओळख पटवण्यासाठी जुन्या रिटर्नमधली माहिती विचारतं. रिटर्नच नसेल तर ते पुढे जाऊ देत नाही. अशांनी आयआरएसचं ऑनलाइन खातं आधीच उघडून ठेवावं. पासपोर्ट, सेल्फी, पडताळणी यात दिवस जाऊ शकतात, १४ तारखेच्या रात्री ते होत नाही. अगदीच नाही जमलं तर १०४०-ईएसच्या व्हाउचरसोबत ‘युनायटेड स्टेट्स ट्रेझरी’च्या नावे चेक. त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर, वर्ष आणि फॉर्मचं नाव लिहा. टपालाच्या शिक्क्याची तारीख मोजतात, म्हणून चेक पेटीत न टाकता काउंटरवर सर्टिफाइड मेलने द्या. क्रेडिट कार्डावर शुल्क लागतं, त्या वाटेला जाऊ नका.

राज्याचा हिशेब वेगळा. कॅलिफोर्नियात हप्ते ३०, ४०, ० आणि ३० टक्के, म्हणजे सप्टेंबरला काही नाही आणि जूनला सर्वात जास्त. न्यू जर्सीत ४०० डॉलरपेक्षा जास्त देणं निघणार असेल तर हप्ते भरावे लागतात. फेडरल डब्ल्यू-४ बदलल्याने राज्याची कपात बदलतेच असं नाही. कॅलिफोर्नियात डीई-४ आणि न्यू जर्सीत एनजे-डब्ल्यू४ वेगळा भरा. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही.

उत्पन्न वर्षाच्या शेवटी आलं असेल, समजा डिसेंबरमध्ये शेअर विकले, तर आधीचे हप्ते का भरले नाहीत हे फॉर्म २२१० च्या शेड्यूल एआयवर दाखवता येतं. फॉर्म किचकट आहे, पण रक्कम मोठी असेल तर भरावा.

हप्ता चुकलाच, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दंड दिवसावर मोजतात आणि भरलेले पैसे आधी सर्वात जुन्या थकलेल्या हप्त्यात जातात. लक्षात येईल त्याच दिवशी भरा.