इंजिन खोलायला होकार देण्याआधी धूर बघा

आंबा घाट उतरून साखरप्याला आलं की रस्त्यालगतच माझं गॅरेज आहे. जुन्या मारुती ८०० आणि ओम्नी आमच्याकडे अजून चालतात. त्यांच्या मालकांची तक्रारही ठरलेली: गाडी ऑईल खाते आणि स्लोला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता उभी असताना, थरथरते. ‘रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, इंजिन काढा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण धूर केव्हा येतो हे बघितल्याशिवाय इंजिनला पाना लावू देऊ नका. गरिबाचे पैसे तिथेच वाचतात.

ऑईल जळतंय की गळतंय, हे आधी ठरवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा घाला. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि डेलकोच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) बुडाची रबरी रिंग, या दोन जागा जुन्या गाडीत हमखास झिरपतात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर बहुधा मागचं ऑईल सील गेलेलं असतं. पुठ्ठा कोरडा आणि तरी ऑईल कमी होतंय, तर मापाने मोजा. सकाळी थंड इंजिनवर, सपाटीला, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत यायला किती लागलं ते बघा. मधे वरचेवर डिपस्टिक काढून बघायची, खालच्या खुणेखाली जाऊ द्यायचं नाही. भर घातलीत तर तीही हिशोबात धरा. इतक्या जुन्या इंजिनाला दोन-तीनशे मिली लागलं तर मी काही उघडत नाही. लिटरभर लागलं तर पुढे जायचं.

धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ऑईलचा संबंध नाही. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि गाडी तापली की थांबते, त्याची काळजी नको. पण तापल्यावरही पांढराच धूर येतोय आणि रेडिएटरचं पाणी उतरतंय, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचा) संशय घ्या आणि गाडी उभी करा.

निळसर धूर ऑईलचा, आणि तो ओळखायला आपला घाट फार उपयोगी आहे. गिअरमध्ये, ॲक्सिलेटरवरचा पाय काढून उतरताना हवेची वाट बंद असते आणि इंजिन फिरत असतं. आत जोराची ओढ तयार होते. वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी टोप्या) कडक झालेली असतील तर त्या ओढीने ऑईल गाईडमधून, म्हणजे वॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यातून, सिलिंडरमध्ये उतरतं. खाली सपाटीला ॲक्सिलेटर दाबलात की निळा भपकारा येतो आणि थोड्या वेळात विरतो. मागून मोटरसायकलवर ओळखीचा कोणी असेल तर त्याला नीट दिसतं. रात्रभर उभ्या गाडीला पहिल्या स्टार्टला असाच भपकारा आला, तर सीलच धरा. सील बदलायला पिस्टन बाहेर काढावे लागत नाहीत.

घाट चढताना, इंजिनवर भार असताना धूर सतत येत असेल तर मात्र रिंगांकडे बघा. स्लोला ऑईल भरायचं झाकण काढलं की आतून जोरात धापा येतात, हीही तीच खूण. पण त्याआधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारा, पाईप साफ करा. तो चोंदला की आतला दाब ऑईलला नको तिथे ढकलतो, आणि चांगलं इंजिन विनाकारण बदनाम होतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती होतो ते, मोजा. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, करंट तोडलेला, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. तिन्ही सिलिंडरांचे आकडे लिहा. जो कमी आहे त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. आकडे तिन्ही चांगले आणि तरी ऑईल जळतंय, असंही होतं. तेव्हा पुन्हा सीलकडेच या.

आता थरथर. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. एक मारायचा थांबला तरी सगळी गाडी हलते. प्लग काढताना कुठला कोणाचा याची खूण ठेवा. एकच प्लग ऑईलने ओला काळा असेल तर थरथर आणि धूर यांचं मूळ एकच. तिन्ही प्लग कोरडे, भुरकट असतील तर थरथरीचं कारण वेगळं आहे, आणि किनाऱ्यावर ते बहुतेकदा खाऱ्या हवेत सापडतं. हर्णै, जयगडकडच्या गाड्यांत बॅटरीच्या अर्थिंगची वायर बॉडीला जिथे जोडलेली असते तिथे हिरवट बुरशी धरते. ती काढून, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा. डेलकोचं झाकण आतून पुसा, तडा बघा. रात्री अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू ठेवा: प्लगच्या वायरीवर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी बदला.

व्हॅक्युमचे रबरी पाईप उन्हाने तडकतात. त्यांच्या टोकांशी फवारणीच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज बदलला तर हवा तिथून शिरतेय. वायरींपासून दूर मारा, आणि गरम इंजिनवर पेट्रोल तर कधीच मारू नका.

इतकं करूनही रिंगाच निघाल्या, तर बोअर मोजून मागा. बोअर झिजलेला किंवा लंबगोल झालेला असताना नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा ऑईल मागायला लागते. जाड ऑईल घालून धूर दाबतो म्हणणाऱ्याकडे तर गाडी देऊच नका.