कर्तव्य की भीड? ‘मिडलमार्च’ पेन्सिल घेऊन वाचताना

भाची बी.ए.ला आहे. ‘व्हिक्टोरियन कादंबरीतलं नैतिक कर्तव्य’ हा प्रश्न घेऊन ती नौपाड्यात माझ्याकडे आली, तेव्हा हातात गाइड होतं, कादंबरी नव्हती. आधी कादंबरी आणा. इंग्रज लेखिका जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ १८७१-७२ मध्ये आठ भागांत निघाली. प्रकरणं ८६. ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये जाता-येता मी ती पावसाळ्यात धरली आणि दिवाळीला संपवली. लायब्ररीची प्रत असेल तर पेन्सिलीऐवजी चिठ्ठ्या लावा.

कुणी कर्तव्य म्हणून काही करायला निघालं, की समासात ‘मा’ लिहा. मा म्हणजे मागणी. हे मागतंय कोण, आणि नाही म्हटलं तर नुकसान कुणाचं, ते शोधा. मग स्वतःला विचारा, हे कर्तव्य आहे की भीड? आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत, त्याचा इथे फार उपयोग होतो.

प्रकरण ४८ दोनदा वाचा, घाई करू नका. आजारी विद्वान कॅसॉबन आपल्या तरुण बायकोला, डोरोथियाला, अपुऱ्या ग्रंथासाठीच्या वह्यांची अनुक्रमणिका मोठ्याने वाचायला लावतो. तो ‘खूण कर’ म्हणेल तिथे ती पेन्सिलीने फुली मारते. त्याच रात्री तो वचन मागतो: मी गेल्यावर माझ्या इच्छेप्रमाणे वागशील ना? इच्छा कोणती, ते सांगत नाही. ती उद्यापर्यंत वेळ मागते. हा रात्रभराचा अवकाश नीट वाचा, सगळं त्यात आहे. त्याच्या ग्रंथावर तिचा विश्वास उरलेला नाही, तरी आजारी माणसाला दुखवायचं कसं? सकाळी ती हो म्हणायला बागेत जाते. तो दगडी टेबलावर डोकं टेकून बसलेला असतो, गेलेला.

माझ्या सासूबाईंनी शेवटच्या आजारात माझा हात धरून ‘गावचं घर विकू नकोस’ म्हटलं होतं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. नंतर नऊ वर्षं दर मे महिन्यात ते गळकं छप्पर शाकारत राहिले. मी रात्रभराचा वेळ का मागितला नाही, हे मला डोरोथियामुळे कळलं. त्या पानावर माझ्या पेन्सिलीने ‘भीड’ लिहिलं आहे.

लगेच प्रकरण ५४ उघडा. कॅसॉबनने तिच्यासाठी ठेवलेला ग्रंथाच्या कामाचा तक्ता डोरोथिया पाकिटात बंद करते आणि आत लिहून ठेवते, की ज्यावर विश्वास नाही त्यासाठी मी राबू शकत नाही. परीक्षेच्या उत्तरात हे बहुतेक मुलं विसरतात. तुम्ही विसरू नका.

प्रकरण ३३ तुलनेला घ्या. मरणाला टेकलेला श्रीमंत म्हातारा फेदरस्टोन पहाटे त्याची शुश्रूषा करणाऱ्या मेरी गार्थला पैसे देऊ करतो, एक मृत्युपत्र जाळायचंय म्हणून पेटी उघड म्हणतो. ती किल्लीला हात लावत नाही. इथे ‘मा’ आहे, भीड नाही.

शेवटी प्रकरण ७४. गावातल्या बँकवाल्या बुलस्ट्रोडची अब्रू गेलेली असते. त्याची बायको खोलीचं दार लावून घेते, दागिने उतरवते, साधा काळा झगा आणि साधी टोपी घालते आणि खाली त्याच्याजवळ जाऊन बसते. भाचीने ‘मा’ लिहायला पेन्सिल टेकवली आणि थांबली. मावशी, म्हणाली, इथे मागितलंय कुणी?

समास कोराच ठेवायला सांगितला.